अंक कधी निघणार?

गेल्या महिन्यात खराडीत आमच्या गटाची बैठक झाली. विषय तसा कोरडा होता. ‘फक्त खाजगी वितरणासाठी’ असं छापून आजवर निघणाऱ्या या अंकाची आता रीतसर नोंदणी करायची होती. नाव ठरलं, प्रकाशक म्हणून सही कोण करणार तेही ठरलं. मग अर्जातला एक रकाना आला: नियतकाल. अंक किती दिवसांनी निघणार? साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक, यांतला एक शब्द तिथे लिहायचा होता. त्या एका शब्दावर आम्ही अडीच तास भांडलो. चहा दोनदा झाला, मुलांना आणायला जायची वेळ झाली, तरी रकाना कोराच राहिला.

जिना उतरताना एक जण म्हणाली, “एवढं काय त्यात? आत्ता काहीही लिहा, नंतर बदलू.” ते तितकं सोपं नाही. १८६७ च्या जुन्या कायद्यात नियतकाल बदललं की आधीचं घोषणापत्र रद्द होई आणि नवं करावं लागे. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, तो मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यातही नियतकाल नोंदवावंच लागतं. पण कायद्याची भानगड बाजूला ठेवली तरी हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अंक किती दिवसांनी काढायचा हे ठरवताना आपण नकळत आणखी एक गोष्ट ठरवत असतो: त्या अंकात कोणती बाई लिहू शकेल आणि कोणती नाही. बैठकीत मला हे नीट मांडता आलं नाही. आवाज चढले की माझं असंच होतं. म्हणून इथे मांडते आहे.

बैठकीत तीन मतं होती. पहिलं आमच्यातल्या तरुण मैत्रिणींचं. त्यांतल्या दोघी इथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करतात. त्या म्हणाल्या, “तीन महिन्यांनी येणाऱ्या अंकाची कोण वाट बघतं, ताई? दिवाळीचा अंक संक्रांतीला हातात पडतो. तोवर लोक सगळं विसरलेले असतात. मासिकच हवं.” दुसरं मत एका जुन्या कार्यकर्तीचं. सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच अंक काढावा, तारखेसाठी पानं भरण्यात अर्थ नाही, असं तिचं म्हणणं. तिसरं मत माझं: त्रैमासिकच राहू दे, पण दिलेली तारीख चुकवायची नाही.

दुसऱ्या मताबद्दल आधी बोलते, कारण ते मला जवळचं वाटतं आणि तरीही पटत नाही. त्याला परंपरा मोठी आहे. जोतिराव फुल्यांचं ‘सत्सार’ १८८५ साली निघालं ते असंच, गरजेपोटी. त्याचे दोनच अंक निघाले. ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या १८८२ सालच्या पुस्तकाची बाजू जोतिरावांनी त्यात घेतली. सांगायचं ते सांगून झालं, अंक थांबला. आणि ताराबाई? त्यांचं ते एकच पुस्तक आपल्या हाती आहे, आणि तेही विस्मरणात गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ९० हून जास्त वर्षं गेली. त्यांना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहायला हक्काची जागा असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. संताप आला की बाई एकदा लिहिते. पुन्हा लिहायला मात्र आपली कुणी वाट बघतंय हे तिला कळावं लागतं. अंकाची ठरलेली तारीख म्हणजे ते वाट बघणं. ‘निघेल तेव्हा निघेल’ म्हटलं की आधी तारीख जाते, मग बैठक जाते, मग गट जातो. चळवळीत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या मैत्रिणींना अशा अंकांचे गठ्ठे आपापल्या माळ्यावर सापडतील.

मासिकाचं मत खोडणं जास्त अवघड आहे. नियमितपणाचे मोठे दाखले मासिकांचेच आहेत. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, अश्लीलतेचे खटले अंगावर घेत, चालवलं. ‘स्त्री’ मासिक १९३० साली निघालं. विद्या बाळ यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यातून ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं, आणि २०२० साली विद्याताई गेल्यावरही ते निघत राहिलं. त्याही आधी, १९०६ साली, पती वासुदेवराव यांच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’ हाती घेतलं. ते तर साप्ताहिक. ही नावं घेतली की आम्ही त्रैमासिकवाल्या आळशी ठरतो.

पण प्रत्येक नियमित अंकाच्या पाठीशी काय उभं होतं तेही बघायला हवं. ‘स्त्री’च्या पाठीशी किर्लोस्करांचा उद्योग होता, छापखाना होता, पगारी माणसं होती. ‘समाजस्वास्थ्य’च्या पाठीशी एका माणसाचं सबंध आयुष्य आणि रिकामा होत गेलेला खिसा होता. आमच्या पाठीशी यांतलं काही नाही. आमच्या पाठीशी फक्त रविवारची दुपार आहे.

आणि आम्ही मासिक करून पाहिलेलं आहे. जुन्या वाचकांना ते वर्ष आठवत असेल. तेव्हा हिशेब सोपा वाटला होता. ४८ पानांचे ४ अंक काढायचे त्याऐवजी १६ पानांचे १२ काढू. वर्षाची पानं तेवढीच, १९२. कागदही तेवढाच. पण मजकुरासाठी मागे लागणं, टाइप करणं, मुद्रितं तपासणं, छापखान्याच्या खेपा, पाकिटं भरणं, पत्ते चिकटवणं, पोस्टात नेऊन टाकणं हे चारऐवजी बारा वेळा आलं. करणाऱ्या आम्ही तिघी. एकीचं बाळ सात महिन्यांचं. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली. दिवसा नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक आणि रात्री अकरानंतर अंक. घरकामाला श्रम म्हणा, त्याची मोजदाद करा, असं आपण इतकी वर्षं शिबिराशिबिरांतून सांगत आलो. आमच्याच अंकामागच्या श्रमाची मोजदाद मात्र एकाही बैठकीत झाली नाही. सहाव्या महिन्यात बाळाची आई गळाली. नवव्या महिन्यात आम्ही जोडअंक काढला. जोडअंक हा आपल्या सगळ्या छोट्या नियतकालिकांचा जुना आजार आहे. आधी दोन महिन्यांचा एक, मग तीन महिन्यांचा एक, मग संपादकीयात दिलगिरी, आणि मग काहीच नाही.

तरीही श्रमाचं कारण मी पहिलं मानत नाही. हात कमी पडत असतील तर आणखी हात जोडता येतील. मला खुपलं ते वेगळंच.

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. त्यानंतर इथे काय काय उभं राहिलं ते सांगायला नको. वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या, काचेच्या कचेऱ्या, आणि त्या झाडायला, पुसायला, तिथली मुलं सांभाळायला लागणाऱ्या बायका चंदननगरच्या आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या. आमचा गट या दोन्ही प्रकारच्या बायकांचा आहे, निदान आम्ही तसं म्हणतो. मासिकाचं ते वर्ष संपल्यावर मी सगळे अंक पुढ्यात घेऊन बसले आणि कोणी कोणी लिहिलंय ते बघितलं. जवळजवळ सगळा मजकूर आमच्यातल्याच सात-आठ जणींचा होता, ज्या एका रात्रीत लेख लिहून देऊ शकतात अशांचा. मीही त्यांच्यातलीच. घरकामगार बायकांचं म्हणून जे काही होतं, ते त्यांच्याविषयी होतं, त्यांचं नव्हतं.

हे का झालं, ते एका उदाहरणावरून सांगते. चार घरची कामं करणारी आमची एक मैत्रीण आहे. एका घरात तिच्यावर चोरीचा आळ आला, सोसायटीच्या फाटकावर तिची पिशवी उपसली गेली, चारही कामं सुटली. वस्तू नंतर त्याच घरात सापडली. हे सगळं तिला अंकात सांगायचं होतं. तिला लिहिता येतं, पण चार ओळींपलीकडे हात चालत नाही. म्हणून आमची पद्धत अशी: ती बोलते, आमच्यातली एक लिहून घेते, पुढच्या वेळी तिला वाचून दाखवते, ती दुरुस्त करते, आणि मग पुन्हा वाचन. तिची सुट्टी म्हणजे रविवारी दोननंतरचे दोन-तीन तास. त्यातही पाण्याचा टँकर आला तर बैठक मोडते. असा एक लेख पुरा व्हायला सहा-सात आठवडे सहज लागतात. मासिकात तो बसेना. प्रत्येक वेळी आम्ही ‘पुढच्या अंकात’ म्हणत राहिलो. शेवटी एका महिन्यात पानं कमी पडली, तेव्हा पहिला कच्चा मजकूरच थोडा सुधारून, तिला न वाचून दाखवता, आम्ही छापला. छापला म्हणजे मीच छापला.

अंक तिच्या मुलीने तिला वाचून दाखवला. त्यात फाटकावरच्या प्रसंगात एक वाक्य होतं, की ती सगळ्यांसमोर रडू लागली. ते वाक्य माझं. मला तसं वाटलं होतं, म्हणून मी लिहून टाकलं. ती बैठकीला आली आणि म्हणाली, “मी कुठं रडले? मी भांडले होते. त्या साहेबाला म्हटलं, आधी तुमच्या घरातल्यांच्या पिशव्या बघा. तुम्हाला घाई होती म्हणून मी रडले होय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. भांडलेल्या बाईला आम्ही रडकी करून टाकलं होतं, आणि तेही तिच्या बाजूने लिहितो असं समजून. अडाणी, गरीब, रडणारी बाई ही वर्तमानपत्रांची नेहमीची बाई. ती आमच्या अंकात शिरली ती घाईच्या दारातून. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. बारा महिन्यांत बारा अंक काढणाऱ्या गटात पटकन लिहिणारी बाईच बोलते. जिला बोलायला, ऐकायला आणि ‘असं नाही, तसं’ म्हणायला वेळ लागतो, ती एकतर गळते किंवा तिचं म्हणणं दुसरीच कुणी पुरं करते.

आता बातमीचं काय? तीन महिन्यांत लोक विसरतात, हे खरंच आहे. पण लोक विसरतात म्हणूनच तर आपल्याला अंक काढायचा आहे. याच खराडीतली गोष्ट घ्या. ऑक्टोबर २००९ मध्ये इथल्या कंपनीतून काम संपवून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता स्त्रीचं अपहरण झालं, तिच्यावर बलात्कार झाला, खून झाला. सगळी वर्तमानपत्रं काही दिवस त्याने भरून गेली. मग शांतता. २०११ साली एक आरोपी ताब्यातून पळाला, तेव्हा पुन्हा बातमी. २०१३ साली तो सापडला, पुन्हा बातमी. मे २०१७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा पुन्हा पहिलं पान. मधली साडेसात वर्षं काय? कामावरून सुटलेल्या बाईला घरी कसं पोचवायचं, रात्रपाळीच्या गाडीची जबाबदारी कुणाची, रस्त्यावर दिवे आहेत की नाहीत, हे प्रश्न त्या साडेसात वर्षांत रोज होते. फाशी हे उत्तर आहे का, हा आपल्यातला वादही त्याच काळातला. साडेसात वर्षं म्हणजे त्रैमासिकाचे ३० अंक. पहिल्या दिवसाची बातमी द्यायला वर्तमानपत्रं आहेत, आता तर प्रत्येकीच्या हातात फोन आहे. त्या ३० अंकांचं काम मात्र आपल्याशिवाय कोण करणार?

सरकारलाही ताजेपणाच कळतो. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात वृत्तपत्र म्हणून नोंदणी करून सवलतीच्या तिकिटात अंक पाठवायचा असेल, तर दोन अंकांमध्ये ३१ दिवसांहून जास्त अंतर चालत नसे. महिन्याच्या आत सांगितलं तर ती बातमी. तीन महिने बसून, चार जणींनी तपासून सांगितलं, तर त्याला पुऱ्या दराचं तिकीट. तो कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने गेला. पण त्यामागची समजूत आपल्याही डोक्यात आहे, आणि बैठकीत तीच बोलत होती असं मला वाटतं.

एवढं म्हटल्यावर माझ्या बाजूचा दोषही सांगायला हवा. तो मोठा आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपण सगळ्या जणी शिबिरांत शिकवतो. त्यात तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतात. त्यापुढे काही नाही. आम्ही एका अंकात हे सगळं सोप्या भाषेत छापलं. अंतर्गत समिती कुठे असते, आणि घरकामगार बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कसं जायचं, तेही लिहिलं. काही दिवसांनी एका कचेरीत साफसफाईचं काम करणारी बाई तो अंक हातात घेऊन आली. अंक तिला मैत्रिणीकडून मिळाला होता. घटनेला सात महिने झाले होते. मी अंकाची तारीख बघितली. तो अंक ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा निघाला होता. वेळेवर निघाला असता, तर ती पाचव्या महिन्यात आली असती, आणि मुदतवाढ मागता आली असती. त्या सातांतले दोन महिने आमचे होते. आम्ही तिच्यासोबत पोलीस चौकीत गेलो, बाकीचे मार्ग शोधले. पण कायद्याचं ते एक दार बंद झालं होतं, आणि ते लावण्यात आमचाही हात होता.

म्हणून त्रैमासिक म्हणजे सवडीने, असा अर्थ कुणी काढत असेल तर मी तिच्या विरुद्ध आहे. अंतर मोठं असेल तर तारीख जास्त पक्की हवी. मासिक आठवडाभर उशिरा आलं तर वाचक चार शिव्या देईल आणि पुढच्याची वाट बघेल. त्रैमासिक दोन महिने उशिरा आलं तर ती वाट बघणंच सोडून देईल.

तर माझा प्रस्ताव असा आहे.

रकान्यात ‘त्रैमासिक’ लिहावं. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अंक हातात असावा. मार्चचा तर ८ मार्चच्या आधी हवाच, कारण त्या दिवशी तो सभेत विकता येतो. त्या दिवशी १६ पानंच तयार असतील तर १६ पानांचा निघेल. पानं कमी चालतील, जोडअंक चालणार नाही.

मुदतीच्या, पत्त्याच्या, मोर्चाच्या गोष्टी अंकासाठी थांबवायच्या नाहीत. त्यासाठी दर महिन्याला एक पानी भित्तीपत्रक काढावं, मोठ्या अक्षरांत. ते सोसायट्यांच्या फाटकापाशी, रेशन दुकानात, अंगणवाडीत, आणि जिथे परवानगी मिळेल तिथे कचेऱ्यांच्या स्वच्छतागृहांत लावावं. तरुण मैत्रिणींना जो वेग हवा आहे तो इथे खरोखर उपयोगाचा आहे, आणि हे काम त्या माझ्यापेक्षा चांगलं करतील. फोनवर पाठवायचं तर तेच पान पाठवता येईल.

सांगून लिहून घेतलेला कुठलाही मजकूर, जिचा आहे तिला पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय आणि तिने होकार दिल्याशिवाय छापला जाणार नाही. अंक त्यासाठी थांबणार नाही. लेख थांबेल, आणि तिला तसं तोंडावर सांगितलं जाईल. पुढच्या अंकात पहिली जागा तिची.

आणि शेवटचं: प्रत्येक अंकाला दोघी जबाबदार, पुढच्या अंकाला दुसऱ्या दोघी. कुणी किती तास दिले याची वही ठेवायची. पैसे देता येणार नाहीत हे मला माहीत आहे. पण मोजलेले श्रम आणि गृहीत धरलेले श्रम यांत फरक असतो, हे आपणच जगाला शिकवलं आहे.

पुढच्या बैठकीत तो रकाना भरायचा आहे. ज्या मैत्रिणीला मी रडवलं, ती त्या बैठकीला येणार आहे. मासिक की त्रैमासिक, असं मी तिला परवा विचारलं. ती म्हणाली, “मला काय, तुम्ही सांगाल त्या दिवशी मी येईन. पण दिवस सांगा, आणि त्या दिवशी तुम्हीपण या.”

तुमच्या गावच्या गटाचं पत्रक, मासिक, वार्षिक जे काही असेल ते किती दिवसांनी निघतं? रात्री जागून ते कोण काढतं? आणि त्यातला किती मजकूर छापण्याआधी जिचा तिला वाचून दाखवला गेला होता? जरूर लिहा. चार ओळी चालतील. लिहिणं जमत नसेल तर येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ आणि वाचूनही दाखवू.